डीपीएफ धुलाई, ईजीआर सफाई, रिमॅप आणि ‘डिलीट’: नाशिकमध्ये कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला की नाशिकच्या बाजारात पाच गोष्टी पुढे येतात. गाडीवरच केमिकल मारून सफाई, डीपीएफ उतरवून धुलाई, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा वाल्व) आणि इनटेकची (हवा आत जाण्याच्या वाटेची) सफाई, ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप, म्हणजे त्याच्या प्रोग्राममध्ये बदल, आणि ‘डिलीट’, म्हणजे डीपीएफ आतून पोकळ करून सॉफ्टवेअरमधूनही त्याचं नाव काढून टाकणं. पाचही गोष्टी बऱ्याचदा एकाच दुकानात, एकाच दमात सांगितल्या जातात आणि गाडीवाला किंमत बघून निवड करतो. तिथेच चूक होते. उतरवून धुलाई आणि ईजीआर सफाई ही खरी दुरुस्ती आहे, नीट केली तर पैसे वसूल होतात. गाडीवरची सफाई अर्धवट काम आहे. रिमॅप फार जपून करायची गोष्ट आहे. डिलीट करूच नये.

आधी आजार का होतो ते बघू. गंगापूर रोडवरून सातपूर एमआयडीसी, इंदिरानगरहून मुंबई नाका, पंचवटीतून कॉलेज रोड, अशा पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतही नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला आत साडेपाचशे ते साडेसहाशे अंश तापमान लागतं. ते गाठण्यासाठी ईसीयू एक्झॉस्ट स्ट्रोकच्या सुमारास जादा डिझेल सोडतो, त्याला पोस्ट इंजेक्शन म्हणतात. काजळी जाळण्याचं हे काम, म्हणजे रीजनरेशन, पूर्ण व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते. द्वारकेच्या कोंडीत ते सुरू झालं आणि घर आल्यावर चावी फिरवली, की काजळी तिथेच आणि जादा सोडलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये. असं दहा-बारा वेळा झालं की डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. ऑइल वाढतंय म्हणजे गाडी चांगली आहे, असं समजणारे लोक अजून भेटतात. ते पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला मारतं.

म्हणून कुठल्याही सेवेचा पहिला कस हा: स्पॅनर उचलायच्या आधी मिस्त्री लॅपटॉप जोडून लाइव्ह डेटा बघतो की नाही. फक्त बिघाडाचा कोड वाचून भागत नाही. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त झाली, पी२००२ म्हणजे फिल्टर नीट काम करत नाही, पण ती का झाली आणि का करत नाही हे कोड सांगत नाही. चार आकडे बघायचे असतात. पहिला, डीपीएफच्या आधी आणि नंतरच्या दाबातला फरक. चावी चालू, इंजिन बंद असताना तो शून्य हवा. शून्य नसेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, किंवा त्याच्या रबरी नळ्या तडकल्या आहेत, आणि डीपीएफ निर्दोष असू शकतो. आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) चांगल्या फिल्टरमध्ये हा फरक साधारण एक किलोपास्कलच्या आत राहतो. रेस दिल्यावर तो चढायला हवा आणि सोडल्यावर लगेच उतरायला हवा. रेस देऊनही हललाच नाही तर फिल्टर फुटलेला किंवा आधीच कोणी पोकळ केलेला असतो. जुनी गाडी घेताना हे नक्की तपासा. दुसरा आकडा, ईसीयूने हिशेबानं काढलेली काजळी, ग्रॅममध्ये. तिसरा, शेवटचं पूर्ण रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं. चौथा, राखेचा आकडा.

काजळी आणि राख यांतला फरक ज्याला माहीत नाही त्याच्याकडे गाडी सोडू नका. काजळी जळते. राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या धातूंच्या मिश्रणांतून, आणि फिल्टरच्या बंद टोकाशी साचत जाते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो दर्जा दिलाय तोच घ्या. ट्रॅक्टर-ट्रकसाठीचं, राख जास्त करणारं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून भरलं तर फिल्टरचं आयुष्य कमी होणारच. लाख-दीड लाख किलोमीटर शिस्तीत चाललेल्या गाडीतही राख भरते. ती काढायला फिल्टर उतरवावाच लागतो, रीजनरेशन कितीही वेळा मारून उपयोग नाही.

त्याहून मोठी गोष्ट ही की कमी किलोमीटरमध्ये भरलेला डीपीएफ हा बहुतेक वेळा आजार नसतो, लक्षण असतं. मूळ कारण वरच्या बाजूला सापडतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर कूलंट साठ-पासष्ट अंशांवरच घुटमळतं आणि ईसीयू रीजनरेशन सुरूच करत नाही. हा भाग स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त विसरला जातो. इंटरकूलरच्या नळीला भेग असेल तर हवा निसटते, पिकअप पडतो, काळा धूर वाढतो. नळीच्या सांध्याशी ताजा तेलकट डाग दिसला तर तिथेच साबणपाणी मारून बघायचं. काही गाड्यांत एक ग्लो प्लग गेला तरी रीजनरेशन अडवलं जातं. आणि इंजेक्टर. गळका नोझल म्हणजे रोज मूठभर जादा काजळी. लीक-ऑफ चाचणी सोपी असते. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे परत जाणाऱ्या डिझेलच्या नळ्यांना, सारख्या बाटल्या लावून इंजिन चालवायचं आणि कोणती बाटली लवकर भरते ते बघायचं. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर खोला. सातपूरला बॉशचा इंजेक्टर आणि नोझलचा कारखाना गेली कित्येक दशकं आहे. त्यामुळे डिझेल पंप आणि नोझलच्या कामाची जाण या शहराला अनेक ठिकाणांपेक्षा जास्त आहे. बेंचवर इंजेक्टर तपासून छापील रिपोर्ट देणारी दुकानं इथे मिळतात, तिथेच जावं. इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुना वापरला तर खालून गॅस निसटून काळा डांबरासारखा थर जमतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. इंजेक्टर बदलला असेल तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी सोडणारा मिस्त्री अर्धं काम करतोय.

आता धुलाई. डीपीएफ उतरवून करायची चांगली धुलाई अशी असते: फिल्टर कोरडा असताना वजन करतात, एका ठरावीक हवेच्या प्रवाहाला तो किती अडथळा देतो ते मोजतात, मग कोमट पाणी आणि फिल्टरसाठीचं सौम्य केमिकल उलट्या दिशेनं, हवेच्या झटक्यांसह फिरवतात. बाहेर येणारं पाणी आधी शाईसारखं, मग राखाडी, मग स्वच्छ होतं. त्यानंतर गरम हवेत पूर्ण सुकवतात आणि वजन व अडथळा पुन्हा मोजतात. हे दोन्ही आकडे, आधीचे आणि नंतरचे, कागदावर लिहून मिळाले पाहिजेत. ज्या दुकानात तराजूच नाही तिथे राख निघाली की नाही हे कोणालाच कळत नाही.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. गाडी धुण्याचा प्रेशर पंप थेट जाळीवर मारला तर भिंती तुटतात. आतल्या नळ्यांच्या भिंती कागदासारख्या पातळ आणि सच्छिद्र असतात, तुटल्या की काजळी थेट सायलेन्सरमधून बाहेर. टेलपाइपच्या आतून बोट फिरवल्यावर काळं आलं तर समजा फिल्टर गेला, कारण धड डीपीएफ असलेल्या गाडीची टेलपाइप वर्षानुवर्षं राखाडी आणि कोरडीच राहते. ॲसिडमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. त्यानं फिल्टर चकचकीत होतो आणि त्याच डब्यात आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टवरचा प्लॅटिनम-पॅलेडियमचा थर निघून जातो. मग तापमानच चढत नाही आणि दोन महिन्यांत दिवा परत. सळईनं भोकं पाडणं याला तर सफाई म्हणताच येत नाही. आणि घाईत ओला फिल्टर बसवून लगेच रीजनरेशन लावलं तर आतलं पाणी वाफ होऊन जाळीला तडा जातो. सकाळी गाडी देऊन दुपारी परत मागणारा ग्राहकही या चुकीला कारण असतो. एक पूर्ण दिवस द्या.

फिल्टर बसवल्यावर नवे गॅस्केट आणि क्लॅम्प, दाबाच्या सेन्सरच्या नळ्या उलट-सुलट झाल्या नाहीत ना हे बघणं, सेन्सरचं शून्य शिकवणं, आणि ईसीयूमधली काजळी-राखेची आकडेमोड नव्या मापावर आणणं. हे शेवटचं राहिलं तर स्वच्छ फिल्टर असूनही ईसीयू तो भरलेलाच समजतो. त्यानंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, कारण आधीच्या अर्धवट रीजनरेशनचं डिझेल त्यात असतं.

गाडीवरच्या सफाईत सेन्सरच्या भोकातून फेस किंवा द्रव सोडतात आणि मग उभ्या गाडीत रीजनरेशन लावतात. नुसती काजळी असेल, राख कमी असेल, तर यानं सुटका होते. राख असेल तर ती भिजून तिथेच बसते. त्यामुळे पन्नास-साठ हजार किलोमीटरच्या आतल्या, शहरातच फिरणाऱ्या गाडीला एकदा करून बघायला हरकत नाही, त्यापुढे नको. काजळी फार वाढलेली असताना, अनेक गाड्यांत ती ४० ग्रॅमच्या आसपास गेली की, उभ्या गाडीतलं रीजनरेशन धोक्याचं होतं. सगळी काजळी एकदम पेटते, आतलं तापमान हाताबाहेर जातं आणि फिल्टर वितळतो. तिथे आधी उतरवूनच धुवावं लागतं. उभं रीजनरेशन करताना खाली वाळलेलं गवत, पालापाचोळा, ऑइलचे बोळे नकोत. उन्हाळ्यात शेताच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीत तर अजिबात नको.

ईजीआर सफाईची तक्रार फारशी नाही, पण अर्धी सफाई खूप होते. वाल्व काढून कार्ब क्लीनर मारला, झालं. खरा चिखल इनटेक मॅनिफोल्डमध्ये असतो. ईजीआरची काजळी आणि क्रँककेसच्या श्वासातून येणारी तेलाची वाफ मिळून तिथे डांबर बनतं. मॅनिफोल्ड उतरवून, धुवून, स्वर्ल फ्लॅप (हवेला गिरकी देणाऱ्या झडपा) असतील तर ते मोकळे हलतात का बघून, नवे गॅस्केट घालायचे. ईजीआर कूलरमधून पाणी गळत नाही ना हे दाबून तपासायचं, कारण कूलंट विनाकारण कमी होण्याचं ते नेहमीचं कारण असतं. वाल्वच्या मोटारीत क्लीनर शिरला तर नवा वाल्व घ्यावा लागतो, म्हणून ती बाजू वर ठेवून साफ करतात. शेवटी स्कॅनरवरून वाल्वला त्याची बंद-उघडी जागा शिकवायची. काम झालं का, हे बघण्याची खूण: आयडलला स्कॅनरवरून ईजीआर बंद केला की एअर मासचा (आत जाणाऱ्या हवेचा) आकडा लगेच वर जायला हवा, उघडला की खाली. हालचाल नसेल तर पी०४०१ परत येणारच. पत्र्याची चकती घालून ईजीआर बंद करून देणारे ‘पिकअप वाढतो’ म्हणतात. पूर्ण रेसला ईजीआर तसाही बंद असतो, त्यामुळे पिकअप वाढण्याचा प्रश्न नाही. वाढतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड.

ज्या गाड्यांत एससीआर (युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) आहे, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७०० वगैरे, त्यांच्या मालकांसाठी एकच कळकळीची सूचना. युरियाच्या टाकीत फक्त ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं, आयएसओ २२२४१ दर्जाचं द्रावण. शेतीच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून घालण्याची कल्पना निफाड-दिंडोरी पट्ट्यात सुचू शकते, कारण गोणी घरातच असते. तो युरिया नीम-कोटेड असतो, त्यात बाययुरेट असतं, आणि दोन्ही मिळून पंप, नोझल आणि कॅटॅलिस्ट तिन्ही खातात. चांगलं द्रावणही तीस अंशांत वर्षभर टिकतं, पस्तीसला जेमतेम सहा महिने, त्यापुढे आणखी कमी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. सेवा देणाऱ्याकडे द्रावणाचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर टाकीतला थेंब तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे जमले असतील तर ते कोमट पाण्यात विरघळतात, पटाशीनं खरवडायचे नाहीत.

रिमॅप. इथे बोलायला जास्त आहे, कारण सगळ्यात जास्त भुरळ इथेच पडते. नाशिकच्याच कारखान्यात बनणारी थार घ्या, २.२ लिटर डिझेल, १३० अश्वशक्ती, ३०० न्यूटन मीटर. वीस टक्के वाढ म्हणजे ३६० न्यूटन मीटर, आणि ती सगळी त्याच क्लचमधून, त्याच फ्लायव्हीलमधून जाते. आकडा दाखवायला ट्यूनर टॉर्क १५०० ते १८०० आरपीएमलाच वाढवतात. मजा येते, पण क्लच तिथेच घसरतो. तपासणी सोपी आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना, रस्ता मोकळा असेल तेव्हा, चौथ्या गिअरला १५०० पासून पूर्ण रेस द्यायची. आरपीएम चढला आणि वेग त्या प्रमाणात चढला नाही तर क्लच घसरतोय.

दुसरी गोष्ट उंचीची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९४० मिलिबारच्या आसपास असतो, मुंबईला हजाराच्या वर. तोच एकूण बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, गाठायला इथे टर्बोला जास्त फिरावं लागतं. कंपनीच्या मॅपमध्ये ही दुरुस्ती असते. कुठून तरी आणलेल्या तयार फाइलमध्ये ती दुरुस्ती काढून टाकलेली असली तर टर्बो त्याच्या वेगाच्या पलीकडे जातो. म्हणून ‘फाइल तयार आहे, वीस मिनिटांत टाकतो’ म्हणणाऱ्याकडून निघून यावं. धुराची मर्यादा हा तिसरा मुद्दा. डीपीएफ असलेल्या गाडीत पूर्ण रेसला लॅम्डा (डिझेलच्या मानानं हवेचं प्रमाण) १.२ च्या खाली नेणारा मॅप म्हणजे दर किलोमीटरला जास्त काजळी आणि लवकर भरणारा फिल्टर. डोळ्यांना धूर दिसत नाही, कारण फिल्टर तो गिळतोय.

करायचंच असेल तर मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर आपल्या हातात घ्या. फाइल वाचता-लिहिताना बॅटरीला स्थिर पुरवठा लावलेला हवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बेंचवर न्यावा लागतो. आधीचा आणि नंतरचा लॉग मागा: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), एअर मास, टर्बोआधीचं तापमान. मागणी आणि मिळकत एकमेकींना धरून चालल्या पाहिजेत. मिळकत मागे पडत असेल तर आधी बिघाड दुरुस्त करा, आजारी गाडीवर रिमॅप चढवू नका. कंपनीची इंजिन वॉरंटी जाऊ शकते, विमा कंपनीला बदल कळवावा लागतो, आणि शोरूमला सॉफ्टवेअर अपडेट झालं की रिमॅप पुसला जातो. हे तिन्ही ट्यूनरनं स्वतःहून सांगायला हवं.

रिमॅपऐवजी बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशरच्या सेन्सरचा सिग्नल खोटा कमी दाखवतो. ईसीयू दाब वाढवतो, आणि खरा दाब किती आहे हे त्याला कधीच कळत नाही. पंप आणि इंजेक्टर त्याची किंमत मोजतात. ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटमध्ये खोचायचे ‘ॲव्हरेज वाढवणारे’ डोंगल मात्र काहीच करत नाहीत, आत दिवे लुकलुकतात एवढंच.

आणि डिलीट. सांगणारे सांगतात, डीपीएफची कटकट कायमची मिटते. मिटत नाही. गळका नोझल, अडकलेला थर्मोस्टॅट, फाटलेली नळी, मूळ बिघाड तसाच राहतो, फक्त त्याची खबर देणारा भाग काढून टाकलेला असतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा बदलाला परवानगी नाही. कलम १८२अ च्या पोटकलम ४ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. बीएस-६ डिझेलला पीयूसीत धुराची मर्यादा (धूर किती प्रकाश अडवतो त्याचं माप, प्रति मीटर) ०.७ आहे, बीएस-४ ला ती १.६२ आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायची म्हणून जी शहरं घेतली आहेत त्यांत नाशिक आहे. डिसेंबरच्या सकाळी गोदाकाठी जी धूसर चादर असते तिच्यात आपल्या गाडीची काजळी घालायला कोणी पैसे द्यावेत हे पटत नाही. एखाद्यानं आधीच करून ठेवलेली गाडी पदरी पडली असेल तर मूळ फाइल आणि खरा डीपीएफ परत बसवून देण्याचं काम करणारं वर्कशॉप शोधा. अनेक गाड्यांत नवा डीपीएफ लाखाच्या घरात जातो, म्हणून गाडी घेण्याआधीच दाबाचा आकडा बघायला वर सांगितलं.

धुलाई झाल्यावर पहिली फेरी शहरात मारू नका. आडगावहून ओझरमार्गे पिंपळगाव बसवंत, किंवा पुणे रस्त्यानं सिन्नर आणि तिथून समृद्धीवर, टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राहील अशा गिअरात तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवा. त्यानंतर हजार किलोमीटरनी परत त्याच दुकानात जाऊन दाबाचा आकडा त्याच आरपीएमला वाचून घ्या आणि बिलाच्या पाठीवर लिहून ठेवा. बिल देतानाच ही दुसरी तपासणी त्यात धरून घ्या. जे दुकान ती फुकट करून द्यायला तयार असतं, तिथे काम द्या.